चांदणी उजवीकडून निघते

उमरगा
१२ ऑगस्ट २०२४

प्रिय महे,

"रुके, तू सगळं उलटं काढलंयस." नववीत असताना अब्बांच्या दुकानात माझ्या वहीत डोकावून तू हे म्हणाली होतीस. मग इतकी हसलीस की तुझ्या गेममधला माणूस खड्ड्यात पडून मेला. तीस वर्षं झाली. परवा डॉक्टरांसमोर बसले असताना का कोण जाणे ते वाक्य आठवलं आणि तुला पत्र लिहायचं ठरवलं.

जूनमध्ये न्हाणीत घसरून माझं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटं ऐकत नाहीत. शिवणाच्या क्लासला अकरा मुली येतात आणि बाईंनाच कात्री धरता येत नाही. डॉक्टर म्हणाले, रोज एक पान लिहा आणि मोबाईलवर एखादा गेम खेळा, अंगठा मोकळा होईल. लिहायचं तर कुणाला? साजिद म्हणाले, "मला लिही की. डेपोत वाचीन, गाडीखाली झोपून." पंचवीस वर्षं ज्यांच्याशी रोज बोलतेय त्यांना पत्रात काय नवं सांगणार? म्हणून तू.

आणि गेमचं विचारायला तुझ्याशिवाय आहे कोण. माझी मैत्रीण पुण्यात गेम बनवते, हे मी क्लासमध्ये इतक्यांदा सांगितलंय की मुली आता माझं वाक्य पुरं करतात. त्यातल्या वर्षाराणीनं मला एक गेम घालून दिला. त्यात सारखा गोळीबार. अंगठा राहिला बाजूला, छातीच धडधडायला लागली. पंचेचाळिशीतल्या बाईनं कुठला गेम घ्यावा, सांग.

उत्तर कागदावर दे. फोनवर तू तिसऱ्या मिनिटाला "मीटिंग आहे गं" म्हणतेस.

तुझी
रुकसाना


पुणे
२६ ऑगस्ट २०२४

प्रिय रुके,

कागदावर लिहायचं म्हणून बसले आणि आधी घरात पेनच सापडेना. तुझं अक्षर थरथरतंय, पण तुझंच आहे. बरं वाटलं.

आता गेम. जाहिरात बघून घेऊ नकोस. कुठलाही टाकलास की पहिली पाच मिनिटं एवढंच बघ, तो तुला थांबू देतो का. दूध उतू जातंय म्हणून उठलीस आणि परत आलीस, तर जिथे होतीस तिथेच असायला हवीस. घड्याळ लावणारा, "उद्या आला नाहीत तर बक्षीस जाईल" असं धमकावणारा गेम सरळ काढून टाक. तुझ्या हाताला ठोकळे सरकवायचे गेम बरे. मांडीवर उशी घे, तिच्यावर फोन ठेव आणि एका वेळी दहाच मिनिटं खेळ. हरलीस तर पुन्हा तीच चूक करू नकोस, मुद्दाम वेगळी कर. गेम बनवणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते चुकांमधून कळतं. मी अजून तशीच खेळते.

माझं बरं चाललंय. सिद्धाराम म्हणून भागीदार आहे, ऑफिस लहानसं आहे. दुसऱ्यांचे गेम दुरुस्त करून देतो. आमचा स्वतःचा असा अजून एकही नाही.

हो, तुझी ती चौकटीची वही आहे का गं अजून? शेळी होती ना त्यात? सहज आठवली. बघावीशी वाटते. पाठवशील? जपून परत करीन.

तुझी
महेश्वरी


उमरगा
६ सप्टेंबर २०२४

प्रिय महे,

वही आहे! अम्मीच्या पेटीत, कशिद्याच्या नमुन्यांखाली सापडली. तुला आठवत असेल, ती वही मी गणितासाठी घेतलीच नव्हती. एक चौकट म्हणजे एक टाका, असा अम्मीचा हिशेब. मग दुकानात तुझ्या शेजारी बसून टीव्हीकडे बघताना एक दिवस दिसलं की तो उड्या मारणारा माणूसही टाक्यांचाच आहे. घरी जाऊन मी शेळी भरली. मग तिच्यासाठी रस्ता. मग पूल, हायवे, ट्रक, उसाचं शेत. बावीस पानं झाली.

अब्बा दुपारी जेवायला घरी गेले की दुकान आपलं. दुरुस्तीला आलेले टीव्ही ओळीनं मांडलेले, त्यातल्या एकाला टीव्ही गेम जोडलेला. पण चालणारा रिमोट एकच, आणि तो तुझ्या हातात. म्हणून माझ्या हातात पेन्सिल. तक्रार नाही करत. रिमोट मिळाला असता तर वही भरलीच नसती.

तू सांगितलेला ठोकळ्यांचा गेम घेतला. साजिद डेपोतून आले की विचारतात, "आज किती पाडले, मास्तरीणबाई?" परवा स्वतः घेऊन बसले. वांगी करपली तरी उठेनात. मी म्हणलं, "अहो, हात माझा मोडलाय." तर म्हणतात, "रुक ना, हा एवढाच."

वही रजिस्टर पोस्टानं पाठवतेय. तू तिथं एकटी असतेस, जुनं आठवायला लागलंय म्हणजे करमत नसणार, हे मी ओळखलं. संध्याकाळी चाळत बस. मुखपृष्ठावर माझं नाव दोन्ही भाषांत आहे, त्याला हसायचं नाही.

तुझी
रुके


पुणे
२३ सप्टेंबर २०२४

प्रिय रुके,

वही मिळाली. एका बैठकीत बघितली, मग सिद्धारामला दाखवली. त्याने ती पुन्हा पहिल्यापासून चाळली.

सहज दोन-तीन गोष्टी विचारते. पानं पहिल्यापासून बघितली तर शेळी घरातून निघते आणि बाजारात जाऊन हरवते. असंच आहे का? एवढा वाईट शेवट? दुसरं म्हणजे तिच्या मागे लागणारं कुणीच नाही. कुत्रा नाही, लांडगा नाही. गेमला शत्रू लागतो गं, नाहीतर खेळणारा पुढे कशाला जाईल? आणि प्रत्येक उडीआधी तू एक जादा चित्र काढलंयस, त्यात शेळीचे नुसते पुढचे पाय वर आहेत. ते कशासाठी?

लवकर लिही. म्हणजे घाई काही नाही, पण लिही.

महे


उमरगा
४ ऑक्टोबर २०२४

प्रिय महे,

अगं वेडे, वही मागून उघड. सातवीपर्यंत मी उर्दू शाळेत होते, विसरलीस? आठवीत तुमच्या शाळेत आले. मराठी डावीकडून लिहायला शिकले, पण चित्र काढायला बसले की हात अजूनही उजवीकडूनच निघतो. तुझ्या लेखी वहीचं जे शेवटचं पान, ते माझं पहिलं. चांदणी बाजारात हरवते आणि उजवीकडून डावीकडे चालत घरी येते. नववीतही तू दुसऱ्याच टोकाकडून बघितलंस आणि वर मलाच हसलीस.

शत्रू कशाला हवा? घर सापडत नाही, एवढं पुरे असतं.

आमची चांदणी खरोखरच आठवडी बाजारातून सुटली होती. कपाळावर पांढरा ठिपका होता ती. अब्बा दोन दिवस सायकलवर शोधत फिरले. तिसऱ्या दिवशी ती आपली आपण आली, हायवे ओलांडून. ट्रकवाल्यांनी गाड्या थांबवल्या होत्या म्हणे. मी दार उघडलं तर आत येईना. आधी उंबऱ्यावर पुढचे दोन पाय ठेवले, थांबली, मग आत. शेळी एकदम उडी घेत नाही, महे. जागा आपल्याला धरेल का ते आधी पाय ठेवून बघते. ते जादा चित्र त्याचं आहे. कधी तू असा गेम केलास तर खेळणाऱ्यालाही तेवढं थांबू दे. घाई करणाऱ्याला रस्ता सापडू नये.

हात सुधारतोय. काल सुईत दोरा ओवला. क्लासच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

तुझी
रुके


पुणे
१८ जानेवारी २०२५

प्रिय रुकसाना,

ऑक्टोबरपासूनची तुझी तिन्ही पत्रं मिळाली. कामात पार बुडाले आहे. वही सुखरूप आहे, सवड झाली की पाठवते. हात बरा झाला हे वाचून आनंद वाटला. आता फोनच करत जा, पत्रांना उत्तर देणं जमत नाही.

महेश्वरी


उमरगा
११ सप्टेंबर २०२५

महेश्वरी,

काल क्लास सुरू व्हायच्या आधीच वर्षाराणी धावत आली. "बाई, बाई, तुमची मैत्रीण! बक्षीस मिळालंय त्यांच्या गेमला, मुलाखत हाय बघा. आन् ही शेळी तर बघा, उलटी चाललीय!"

मी फोन हातात घेतला. गेमचं नाव 'चांदणी'. कपाळावर पांढरा ठिपका. उजवीकडून निघाली, बाजार, पूल, ऊस, हायवे. उडीआधी पुढचे पाय ठेवून थांबली. मुलींनी माझ्याभोवती कोंडाळं केलं होतं. शेवटच्या पडद्यावर आमचं दार आलं, कडी डाव्या बाजूला असलेलं. खरोखरच्या दाराची कडी डाव्या बाजूला होती. ती तुला कशी माहीत असेल? तू आमच्या घरी कधी आलीच नाहीस, दार बघितलंस ते वहीतच. तुला दुकानच माहीत होतं.

शेवटी नावं येतात. ती मी तीनदा बघितली. कल्पना: महेश्वरी. खाली आभार मानलेत, त्यात तुमच्या ऑफिसखालच्या चहावाल्याचंही नाव आहे. तो चांगला माणूस असणार.

मग मुलाखत. शत्रू का नाही असं त्यांनी विचारलं, तर तू म्हणालीस, "घर सापडत नाही, एवढं पुरे असतं." शब्दसुद्धा बदलला नाहीस. शेळी उलटी का चालते विचारलं, तर म्हणालीस, "आपल्याला सगळं डावीकडून उजवीकडे बघायची सवय लागली आहे. मला ती मोडायची होती." मी काहीही मोडायला गेले नव्हते गं. माझा हात तसा चालतो, एवढंच.

तुझ्या समोर टेबलावर वही होती. तिला खाकी कव्हर घातलेलं. शाळेत घालायचो तसं, घड्या दाबून, वर लेबल चिकटवून. लेबलावर तुझं नाव.

वर्षाराणी विचारत होती, "बाई, काय झालं वो?" मी म्हणलं, काही नाही, मनगट दुखतंय. ती वही तिनं गेल्या वर्षी माझ्याकडे बघितली होती. पोस्टात टाकायच्या आधी मीच हौसेनं सगळ्यांना दाखवली होती. म्हणून तिला उमगलं. तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि बाकीच्या मुलींना जागेवर बसवलं. घरी आल्यावर साजिदना सांगितलं. ते म्हणाले, "धाराशिवला वकील बघू." मी म्हणलं, थांबा, आधी लिहिते.

तू नुसतं म्हणाली असतीस, "रुके, यावर गेम करू का?" मी त्याच दिवशी पोस्टात हो टाकलं असतं. बसस्टँडवर पेढे वाटले असते साजिदनी. तू का विचारलं नाहीस?

रुकसाना


पुणे
२५ सप्टेंबर २०२५

प्रिय रुके,

तुझा राग मी समजू शकते. पण तूही जरा समजून घे.

बावीस पानं म्हणजे गेम नव्हे. त्यामागे आमचे दहा महिने आहेत, सात माणसांचे. ऑफिस बंद करायची वेळ आली होती, हे मी तुला लिहिलं नाही, कारण तुला त्यातलं काय कळणार असं वाटलं. चूक झाली. आधी नुसतं करून बघू म्हणून केलं, मग ते चांगलं व्हायला लागलं, मग स्पर्धेची तारीख आली. अर्जावर मी आणि सिद्धारामने सही करून दिली आहे की कल्पना सर्वस्वी आमची. आता तुझं नाव घातलं तर ती सही खोटी ठरेल. बक्षीस जाईल, पुढचं कामही जाईल. सात घरं आहेत, रुके.

मुलाखतीत सुचेल ते बोलले. लोकांना प्रत्येक गोष्टीला कारण लागतं. कव्हर सिद्धारामने घातलं, पानं सुटत होती. वही आता ऑफिसात काचेत लावली आहे, लोक बघायला येतात. लगेच काढता येणार नाही. पुढच्या गेममध्ये तुझे विशेष आभार नक्की मानू, शब्द देते.

एक विनंती आहे. माझी पत्रं तुझ्याकडे असतील, खास करून गेल्या सप्टेंबरचं. कुणाच्या हाती लागली तर उगाच गैरसमज होतील. ती परत पाठवशील का? आपली मैत्री या सगळ्यापेक्षा मोठी आहे असं मी मानते.

तुझीच
महे


उमरगा
६ ऑक्टोबर २०२५

प्रिय महे,

तुझी पत्रं सोबत पाठवतेय. परवाचं धरून चारही. झेरॉक्स काढलेली नाही. साजिद दारातच आडवे आले होते. "सोन्यासारखा पुरावा पोस्टात टाकतीस व्हय? डोकं फिरलंय का तुझं?" म्हणाले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर एवढे ओरडले. मग स्वतःच म्हणाले, पाकीट मी टाकतो पोस्टात, तू घसरशील पुन्हा.

ही पत्रं दाखवून मी तुझ्याकडून माझं नाव काढून घेऊ शकले असते. पण ते तू भीतीनं दिलेलं असतं. दर वेळी गेम उघडला की मला तुझा घाबरलेला चेहरा दिसला असता. ते नको.

कव्हर सिद्धारामनं घातलं म्हणतेस. असेल. लेबलावरचं अक्षर तुझं आहे. 'म'ची गाठ तू अजून तशीच घालतेस, आधी दाबून, मग सोडून. वर्षभर तुझी पत्रं वाचलीत मी.

गेम मी पूर्ण खेळले. खोटं कशाला बोलू, चांगला झालाय. हायवेवर ट्रक थांबतात आणि सगळं शांत होतं, तिथं मला अब्बा आठवले. दोन दिवस सायकल हाणून पायांना सूज आली होती त्यांच्या. पाय ठेवून थांबायला जेवढा वेळ लागतो तेवढाच दिलायस. बावीस पानं म्हणजे गेम नव्हे, हे तुझं खरं आहे. ऑफिस बंद पडत होतं हे मात्र मला लिहायला हवं होतंस. त्यातलं मला कळलं असतं. अब्बांचं दुकान बंद पडताना मी बघितलंय.

आता जे झालं ते सांगते. हात बरा झाला म्हणून गेल्या आठवड्यात मी नवी चौकटीची वही आणली. मनात होतं, दुसरं काही भरावं. बदक, नाहीतर मांजर. क्लास सुटल्यावर खिडकीपाशी बसले आणि सवयीनं मागून वही उघडून उजवीकडून काढायला लागले. शिवप्रिया म्हणून एक मुलगी गेल्या महिन्यातच क्लासला आलीय, लहान आहे, मनात काही नाही तिच्या. ती माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "बाई, तुम्ही बी त्या चांदणीच्या गेमवरनं शिकला व्हय? उलटं काढायचं?"

वर्षाराणीनं तिला कोपरानं ढोसलं. मी हसले. पेन्सिल उचलली आणि डावीकडं नेऊन ठेवली. तिथून एक रेघ ओढली. ती मला पुढं नेता येईना. मग वही मिटली.

तू वही नेलीस ते मी सोसलं असतं, महे. पण आता माझा हात जसा चालतो तसा चालला की तो तुझी नक्कल करतोय असं दिसतं. ज्यांनी वही बघितली नाही त्यांना रागावून सांगावं तर कुणाला खरं वाटणार? बक्षीस मिळालेली तू आणि उमरग्यातल्या शिवणाच्या बाई मी. म्हातारपणी बाई काहीही सांगायला लागल्या म्हणतील.

म्हणून एक मागते. नाव घालू नकोस. वही काचेत राहू दे. विशेष आभारही नकोत, तो शब्द मी तुला परत केला. तुझी सही, तुझी सात घरं, कशालाही धक्का लागायला नको. फक्त पुढच्या वेळी कुणी विचारलं, शेळी उजवीकडून का निघते, तर ते सवय मोडण्याचं सांगू नकोस. एवढंच म्हण: "उमरग्यात माझी एक मैत्रीण होती. उर्दू शाळेत शिकलेली. तिचा हात उजवीकडून चालायचा, ते मी बघितलं होतं." त्यात चोरी कबूल होत नाही. मीही कुठं समोर येत नाही. मुलाखत निघाली की मी ती शिवप्रियाला दाखवीन आणि वही उघडीन.

तू हे म्हणणार नाहीस, मला ठाऊक आहे. सिद्धाराम म्हणेल, एकदा मैत्रीण म्हटलं की लोक मैत्रिणीचं नाव विचारतात. आणि ते खरं आहे. कदाचित या पत्राला उत्तरही येणार नाही. डॉक्टर म्हणाले, आता रोज पान लिहायची गरज नाही, त्यामुळं मीही पुन्हा लिहिणार नाही.

तरी मागते. एवढं एक वाक्य म्हणशील?

रुके